दीड फूट

आमच्या घरात माळ्याला अटक म्हणतात, तेलुगूत.
चौथीत स्रवंतीनं मराठीच्या निबंधात लिहिलं होतं,
'आजीची तांब्याची भांडी अटकेत आहेत.'
बाई इतक्या हसल्या की दहापैकी नऊ दिले.

आता ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.
खोली एक, माणसं पाच.
मी सूप मांडीवर घेऊन विड्या वळते,
हे रखवालीवरून येतात आणि उजेडात झोपतात,
धाकटे दोघे टीव्हीचा आवाज चोरून वाढवतात,
आणि ती मोरीच्या उंबऱ्यावर बसून
माणसाच्या हातातली हाडं पाठ करते.
सत्तावीस आहेत म्हणे, एका पंजात.
मी माझ्या पंजाकडे पाहिलं. तंबाखूच दिसली.

मौलाली मिस्त्री शिडीवर चढला,
टेप ताणला, उतरला, शिंकला.
"चार फूट दोन इंच. कोंबड्या पाळा."
पत्रा वर उचलायचा तर शेजारचे येमूल भांडणार,
महापालिकेत खेटे, पैसा निराळा.
मग तो खोलीच्या मधोमध उभा राहून
मान मागे टाकून बघत बसला.
"ही खालची खोली एवढी उंच कशाला बांधली?"

आम्ही दोघं गप्प.
जकार्डसाठी.
मागाच्या डोक्यावर जकार्ड बसायचं,
त्याला मान वर करायला जागा लागायची.
माग भंगारात गेला, किलोवर, सहा वर्षांमागं.
त्याची उंची मात्र कुणी नेली नव्हती.
ती इथंच होती, रिकामी,
लांब दांडीचा पंखा तिच्यात लोंबकळत होता
आणि आम्ही खाली एकमेकांच्या पायांत पाय घालून झोपत होतो.

"दीड फूट खाली घेऊ फळ्या," मिस्त्री म्हणाला.
"त्याचं दीड फूट तिला देऊ."
हे उठून बाहेर गेले. चपला न घालता.
एप्रिलचं ऊन, साखर पेठ, अनवाणी.
पाच मिनिटांत परत आले, म्हणाले, "घ्या."

वरून सामान उतरलं. भांडी, फुटका रेडिओ,
मामंजींची टोपी, माझ्या लग्नातली ट्रंक,
आणि दोरीत ओवलेले पुठ्ठे, भोकाभोकांचे, गठ्ठेच्या गठ्ठे.
रद्दीवाला दहा रुपये किलो म्हणाला.
हे त्याला म्हणाले, "चहा पी आणि जा."
शेवटी ते पत्र्याखाली ठोकले, दोन थर, वर प्लायवूड.
उष्मा अडतो. थोडा अडतो.
सोलापूरचं ऊन पूर्ण अडवणारं अजून काही निघालेलं नाही.

उशाच्या वर मात्र एक हात प्लायवूड लावू दिलं नाही तिनं.
"नाना, हे कुठलं डिझाइन?"
ह्यांनी डोळे मिटून भोकांवरून बोट फिरवलं,
जपून, ताप बघावा तसं.
"मोर," म्हणाले. मग थांबले.
"मोराचं शेपूट. मोर दुसऱ्या गठ्ठ्यात होता,
त्याला वाळवी लागली."

खिडकी पूर्वेला, दोन बाय दीड.
तिच्यातून येमूलांची काळी टाकी दिसते,
टाकीवर वाळत घातलेल्या सांडग्यांचं ताट,
आणि कडेला बोटभर आभाळ.
ती म्हणते बास आहे.

खाली आता ह्यांचा हात छताला लागतो.
सदरा काढताना दोनदा बोटं आपटली.
पंख्याची दांडी कापून आखूड केली
तेव्हापासून वारा अंगावर येतो,
आणि विडीची पानं उडतात, ती वेगळीच कटकट.

रात्री वर ती पाऊल टाकते,
फळी कुरकुरते, थांबते, पुन्हा कुरकुरते.
हे ड्यूटीवर निघता निघता दारात उभे राहतात,
कान वर लावून. मला विचारतात, "एवढी का फिरते?"
"पाठ करत असेल."
"हाडं?"
"मला काय माहीत. जा तुम्ही, उशीर होतोय."

सहाशे चाळीसपर्यंत मोजल्या होत्या मी विड्या.
की सहाशे साठ.
जाऊ दे. पहिल्यापासून मोजते.